स्टेपनीला लावलेलं खोबरेल

बाबा, त्या दिवशी सकाळी मी जीपमागच्या डिझेलच्या कॅनच्या झाकणावरची तुमची गाठ सोडली. तुमच्या जुन्या लुंगीची पट्टी, वरून सुतळीचे दोन वेढे, आणि तुम्ही मारायचात तशी ती आडवी गाठ. झाकणाचं रबर गेलं होतं म्हणून तुम्ही ती मारली होती, नवीन रबर आणेपर्यंत. रबर आणायचं राहिलं आणि तुम्ही गेलात. त्यानंतर इतक्या वर्षांत मी त्या गाठीला बोट लावलं नव्हतं. पावसाळ्यात जीप वाडीतल्या फणसाखाली भिजत उभी असे, तेव्हा मी वरून प्लास्टिक घालत असे, पण गाठ तुमची होती आणि तशीच राहिली. त्या सकाळी डोंगरातल्या रस्त्यावर, आई शेजारी दगडावर बसलेली असताना, मला ती नखांनी सोडवावी लागली. सुतळी कुजलेली होती. सोडवायला फार वेळ लागला नाही, याचंच मला वाईट वाटलं.

पहाटे फोन आला होता. मावशीच्या नातवाचा. मावशी म्हणजे तुम्हाला सांगायला नको, पण लिहिताना सांगितल्यासारखं लिहावं लागतं. तुम्ही दर सोमवारी डोंगरापलीकडच्या पाड्यावरून कामाच्या बायकांना जीपमध्ये बसवून वाडीत आणायचात आणि शनिवारी परत सोडायचात, त्यातली ती. आईबरोबर तिने केळी लावल्या, मोगरा खुडला, आणि आई तापाने पडली होती तेव्हा मला तिनेच भरवलं. नातू म्हणाला, "काका, आजी काय खात नाय. सारखी म्हनते, बावीचं पानी पायजे. नलाचं नको म्हनते. वहिनीच्या हातचं." वहिनी म्हणजे आई, आणि बाव म्हणजे आपली वाडीतली विहीर, जिच्यावर त्या दोघी वर्षानुवर्षं रहाट ओढत उभ्या राहिल्या. आईने फोन ऐकला आणि तांब्या घेऊन विहिरीवर गेली. मी अंघोळ केली, दिवा लावला, रामरक्षा म्हटली. आईचं तोवर सगळं आवरून झालं होतं. ती जीपमध्ये बसून होती, मांडीवर तांब्या, त्याच्या तोंडावर केळीचं पान दोऱ्याने बांधलेलं. तोच एक प्रश्न होता त्या दिवशी, बाबा. ते पाणी वेळेवर पोचतं की नाही.

पावसाने पाड्याकडचा रस्ता दरवर्षीसारखा खाल्लेला होता. कामणपर्यंत मी रोजच गोदामात नोकरीला जातो, पुढचा रस्ता मात्र जीपशिवाय होत नाही. चारही चाकांचा गिअर टाकला आणि चढ सुरू केला. दुसऱ्या उतारावर दगडाने पुढचा टायर असा कापला की आतली तार दिसली. आई म्हणाली, "स्टेपनी आहे ना?" मी म्हणालो, "आहे की." आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी थोडा आनंद झाला. वाटलं, बाबा, तुम्ही मागे आहात.

तुम्ही काय करायचात ते मला आठवतं. दसऱ्याची सकाळ. आई ताट घेऊन ओट्यावर उभी, "अहो, उन्हं डोक्यावर येतील, कधी करायची पूजा?" आणि तुम्ही जॅक लावून खाली बसलेले. मागची स्टेपनी काढून रस्त्याला लावायची, चालता टायर मागे टांगायचा. कॅनमधलं डिझेल टाकीत रिकामं करायचं आणि पंपावर जाऊन कॅन पुन्हा भरून आणायचं. हे झाल्याशिवाय हळदकुंकू नाही. मी पाना धरून उभा असायचो. एकदा मी तुमचं लक्ष नसताना स्टेपनीवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, शाळेत नुकतंच शिकवलं होतं म्हणून. तुम्ही रागावलात. तळहाताने पुसून टाकलंत आणि म्हणालात, "गंध बॉनेटला लाव. ही उद्या चिखलात जायची आहे." मला वाटलं माझं स्वस्तिक वाकडं आलं होतं. आणि रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की तुम्ही थांबायचातच, कॅन उतरवून समोर ठेवायचात. एकदा आई वैतागून म्हणाली होती, "आपल्या गाडीला कधी लागतं का ते डिझेल?" तुम्ही म्हणालात, "आपल्यासाठी पंप आहे की."

हे सगळं मला माहीत होतं. तुम्ही गेल्यावर पहिल्या दसऱ्याला मी जॅक काढलासुद्धा होता. स्टेपनीचे नट तुमच्या हाताने आवळलेले. पाना लावला आणि वाटलं, हे सोडले की तुमच्या हातचं काय राहिलं? म्हणून तशीच ठेवली. फक्त पुसून घेतली आणि खोबरेलाचा हात फिरवला, देवघरातल्या समईला पुसून लावतो तसा. रबर काळंभोर चमकायला लागलं. मग दर दसऱ्याला तेच, आणि वरून हवा तेवढी भरून घ्यायचो. बाकीचे टायर झिजले की बदलले, टाकीत डिझेल भरत राहिलो, पण मागची ती जोडी, टायर आणि कॅन, तशीच. पंक्चर झालं की मी गाडी जॅकवर उभी करून चाक रिक्षात घालून नाक्यावर न्यायचो. पंक्चरवाला हसायचा. "अरे भाई, पीछे इतना बढिया टायर लटकाया है, वो क्या शोकेस है?" गोदामातला एक जण तर म्हणायचा, "याच्या गाडीला मागे देव टांगलाय, आरतीला येतो." मीही हसायचो. मनातून मला ते आवडायचं.

त्या उतारावर नट निघता निघेनात. पायाने पाना दाबून सोडवले. स्टेपनी चढवली. दिसायला नवी कोरी. आईनेही मान हलवली, जाऊ या म्हणाली. वळणापर्यंत गेलो, आणि बाजूने ती अशी उकलली जशी पिकलेली काकडी उकलते. आवाजही फार झाला नाही. मी खाली उतरून हात लावला तर रबराचे तुकडे बोटांना चिकटून आले, मऊ, तेलकट. नंतर पंक्चरवाल्याने सांगितलं की तेलाने रबर सडतं, आणि उरलंसुरलं पडून राहिल्याने मरतं. मी दर वर्षी प्रेमाने ते सडवत होतो.

तेवढ्यात मागून गवताच्या पेंढ्या आणायला निघालेला पिकअप आला. पोरगेलासा ड्रायव्हर, त्याच भागातला. आईला बघून थांबला. "कुटं जायचं, आजी?" मी सांगितलं. तो म्हणाला, "बसा की पुढं, सोडतो. पन दादा, माझ्याकडे जाऊन यायापुरतंच डिझेल हाय. तुमच्या पाड्याकडे वललो तं येताना गाडी ढकलाय लागंल. त्या कॅनमदी काय हाय?" मी म्हणालो, "डिझेल." "मग झालं की!" असं तो म्हणाला, आणि मी ती गाठ सोडली. तुम्ही कॅन उतरवून लोकांसमोर ठेवायचात ना, अगदी तसाच मी तो उतरवला. टायरचं दुःख मी तेवढ्यापुरतं विसरलो होतो. त्याच्या टाकीत ओतताना वास वेगळा आला होता. मी ओतत राहिलो.

पिकअप चढ चढला, उतरला, आणि ओढ्याच्या अलीकडे खोकून बंद पडला. त्याने खाली वाकून फिल्टर उघडला. आतून पाणी आणि काळं शेवाळासारखं काहीतरी निघालं. तो ते बोटावर घेऊन बघत राहिला. "दादा, हे डिझेल हाय का तीर्थ? किती वर्साचं?" मी सांगितलं, वडिलांनी भरलेलं. तो हसायला लागला होता तो थांबला. माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "बापाचं हाय म्हनता, मंग काय बोलनार," एवढंच म्हणाला आणि हात गवताला पुसले. त्या माणसाचा दिवस मी बुडवला, बाबा, आणि त्याने मला शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आम्ही चालत निघालो. आईचं वय झालं आहे, गुडघे दुखतात, पण तांब्या तिने मला धरू दिला नाही. एका हाताने माझा दंड आणि दुसऱ्या हाताने तांब्या, छातीशी. मी मनात रामाचं नाव घेत होतो, पण ते नाव पुन्हा पुन्हा त्या कॅनपाशी येऊन अडत होतं. ओढा ओलांडला. भाताची खाचरं लागली. पाडा दिसायला लागला तेव्हा अंगणात माणसं उभी होती, आणि कुणी काही करत नव्हतं, नुसतीच उभी होती. आईने माझा दंड सोडला. नातू पुढे आला. "आत्ताच गेली, काका. लय वाट बगितली." आई आत जाऊन मावशीशेजारी बसली. केळीचं पान सोडलं, बोट बुडवलं आणि तिच्या ओठांवरून फिरवलं. "घे गं," म्हणाली. "तुझ्या बावीचंच आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उशीर झाला मला." मला, म्हणाली. मी दारात उभा होतो.

मी कितीतरी दिवस वाट पाहिली की आई मला काही बोलेल. बोलली नाही. शेवटी मीच एकदा म्हटलं, ती भाजी निवडत बसली होती तेव्हा, "आई, माझ्यामुळे झालं ते." ती पानं खुडत राहिली. म्हणाली, "मी बघायची रे तुला तेल लावताना. मला ठाऊक होतं, तुझे बाबा असं ठेवायचे नाहीत. पण वाटायचं, लावू दे, तेवढंच त्याला बरं वाटतंय. बोलायला हवं होतं मी." तुमच्या आठवणीपायी आम्ही दोघं एकमेकांना जपत राहिलो, आणि त्याची किंमत एका तिसऱ्याच बाईने दिली, जिने आयुष्यात आमच्याकडे तांब्याभर पाणी सोडून काही मागितलं नव्हतं.

मावशीच्या दिवसांना आम्ही गेलो तेव्हा नातू सहज म्हणाला की पावसात आजारी माणसाला अजून झोळीत घालून खाली आणावं लागतं, त्यांच्या पाड्याला स्वतःची गाडी नाही. दुसऱ्यांच्या गाड्या तो चालवतो, परवाना आहे. तेव्हापासून ती गोष्ट माझ्या मनात होती. दसरा गेला, दिवाळी गेली, होळीही गेली. दर वेळी ठरवायचो आणि फणसाखाली जाऊन परत यायचो. एकदा नुसता सीटवर बसून आलो. आईने एकदाच विचारलं, "मनात आहे ना? मग कशाला थांबलास?"

गेल्या आठवड्यात जीप दिली, बाबा. कागद नातवाच्या नावावर केले, पाचही टायर नवे घेतले, कॅनही नवा, स्क्रूच्या झाकणाचा. चाकं आलटून-पालटून कशी लावायची ते त्याला दाखवायला लागलो तर म्हणाला, "काका, म्हायती हाय मला," आणि माझ्या देखत भाताच्या रोपांची चिखलाची टोपली त्या नव्या स्टेपनीवर अडकवली. आई नारळ घेऊन आली होती. त्यांनी तो फोडला, खोबरं वाटलं, आणि पोरं टपावर चढली.

परत येताना आम्ही कामणपर्यंत सहा आसनी रिक्षाने आलो. कडेला बसून मला तुमची आठवण यायला हवी होती. डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी रुमालसुद्धा काढून ठेवला होता. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी हे तुमच्यापर्यंत जाऊ दिलं नसतं, कारण रिक्षा सुरू झाली आणि रडू यायच्या ऐवजी मला झोप लागली. आईने कामणला हलवून उठवलं. इतकी गाढ झोप मला तुम्ही गेल्यापासून लागली नव्हती.