ओहायो रेस्टॉरंट, भंडारा

१ जानेवारी १९८०
नवी डायरी. नवा माणूस.
माझी बायको सत्यभामा वारल्याला साडेतीन महिने झाले. रडत बसणाऱ्यातला मी नाही. स्टँडसमोरची तिची खानावळ कालपासून बंद केली. तिथेच आता 'ओहायो रेस्टॉरंट'. तिचा भाऊ टेकचंद तिकडे अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन गावात इंजिनियर आहे, त्याच्या पत्रात सगळं आहे. छापील मेनू. कागदी रुमाल. कॉफीचा कप रिकामा दिसला की न मागता भरतात. डेटनला नदी आहे, भंडाऱ्यालाही आहे. अडचण काय?
पत्राच्या शेवटच्या चार ओळी घरगुती आहेत. वाचल्या नाहीत. वेळ नव्हता.
उद्घाटन २६ तारखेला. सकाळी पाचला उठणे.

४ जानेवारी, दुपारी १२.४०
(आठला उठलो. थंडी.)
फोडणीचा वास. लसूण, जिरं आणि तिचा तो भाजलेला मसाला. सरळसरळ पाटोडीचा रस्सा. पण चुली तर चार दिवस विझलेल्या! रुखमाला विचारलं. ही पंधरा वर्षं सत्यभामेच्या हाताखाली होती. म्हणाली, मले तर काहीच वास येऊन नाही राहिला.
भिंतींत मुरला असणार. चुना मारून घेणे.

९ जानेवारी
चुना झाला. बरोबर १२.४० ला वास. फिनाईल ओतलं. आता फिनाईल आणि फोडणी, दोन्ही.
भूतबीत मी मानत नाही. इंटरपर्यंत सायन्सला होतो.
स्वयंपाकघरात मी पाऊल टाकत नाही, त्याचं कारण वेगळं. डेटनला मालक दारात उभा राहून गिऱ्हाइकांशी हात मिळवतो, आत जात नाही. टेकचंदनं असं लिहिलेलं नाही, पण तसंच असणार.

१५ जानेवारी
नागपूरहून कॉफीचं मशीन आलं! सप्टेंबरात पाहून ठेवलं होतं तेच. कॉफीपुढे कुठलाही वास टिकणार नाही.
चालू केलं. अशी शिट्टी वाजली की स्टँडवरची माणसं सामान उचलून धावली. कॉफी आली नाही, वाफ आली.
१२.४० ला वास आला. आज भाकरीचाही.

२६ जानेवारी
उद्घाटन. अकरा जण. टोमॅटो सूप, कटलेट, सॅलड. नागपूर गाडीचा ड्रायव्हर गोमाजी आमचं जुनं गिऱ्हाईक. सूप पिऊन झाल्यावर म्हणाला, वरण चांगलं आहे, भात कधी येते? सॅलडची बशी बघून म्हणाला, काहून भाऊ, चूल पेटली नाही का आज? हसले सगळे. डेटनलाही पहिल्या दिवशी हसले असतील.
दोघातिघांनी जाताना सत्यभामेची चौकशी केली. त्यांना माहीतच नव्हतं. मी म्हणालो, बाहेरगावी गेली आहे. का म्हणालो, कळत नाही. गडबडीत निघून गेलं.

३ फेब्रुवारी
गिऱ्हाईक: गोमाजी. फक्त चहा.
१२.४० ला वास इतका दाट आला की डोळ्यांत पाणी आलं. रुखमाला ओरडून सांगितलं, तिचा मसाल्याचा डबा नदीत टाकून ये. रुखमानं डबा पदराखाली घेतला आणि दारात उभी राहिली. म्हणाली, मी चालली भाऊ, पण एक सांगतो. बाई गेल्या त्या दिवशी तीन दिवसांचा ताप होता. मी नको म्हणून राहिली होती, तरी उठल्या. म्हणाल्या, हे नागपूरहून साडेबाराच्या गाडीनं येऊन राहिले, उपाशी येतील. पाटोडी थापली, रस्सा केला, ताट वाढून तीन वाजेपर्यंत बसल्या. मग तिथंच आडव्या झाल्या.
मी सांगितलं, माझी गाडी चुकली होती.
गोमाजी बशीत चहा ओतत होता. वर न बघता म्हणाला, चुकली कशी भाऊ? तुमच्यासाठी मी पाच मिनिटं गाडी उभी ठेवली होती.

४ फेब्रुवारी
तीन दिवसांचा ताप कुणालाही येतो. मी डॉक्टर नाही.

५ फेब्रुवारी
गाडी चुकली नव्हती. ही डायरी कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. नागपूरचा मशीनवाला दुकानदार म्हणाला, आणखी एक कॉफी घेऊन बघा. मी घेतली. मग तिसरी. खिडकीतून गोमाजीची गाडी दिसत होती. हॉर्न ऐकू आला. वाटलं, ती काय, थांबेल.
संध्याकाळी पोचलो तेव्हा स्टँडवरच लोक घ्यायला आले होते.

१० फेब्रुवारी
रुखमाकडे गेलो. व्यवस्थेत थोडा बदल करायचा आहे, असं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, ते ताट मले वाढ.
ती उठली. डबा घेऊन निघाली.

११ फेब्रुवारी
आज पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेलो. चुलीजवळ पाट मांडून बसलो. रुखमानं लसूण ठेचला, फोडणी टाकली. रस्त्यावरून गोमाजी ओरडत आला, वैनीचा रस्सा! मागून अर्धी गाडी उतरून आली. स्टँडपलीकडच्या दुकानदारालाही म्हणे वास आला. बाहेर बाकं पुरेनात. कागदी रुमालांनी लोकांनी घाम पुसला.
माझं ताट समोर आलं. बारा चाळीस झाले होते. तोंड अगदी वाटीजवळ नेलं.
मला वास आला नाही. पोटभर जेवलो, तरी शेवटपर्यंत आला नाही. दोनपर्यंत तिथंच बसून राहिलो.
सर्दी झाली असावी.