राजी कोण होतं

अमरावती, २२ ऑक्टो. १९६१

सकाळचा भोंगा झाला अन् म्यां जोड्यात पाय घातला. इंदू चुलीपासून म्हणे, "कुठी चालले जी? थो आपला भोंगा नोहे." खरंच. आपली कापसाची जिन अकोल्याले राह्यली, हा इथल्या कोण्या जिनचा. फाटकाबाहेर काढून दोन हंगाम झाले, तरी पायाले समजत नाही. पयले इंदू हसत होती. आज नाही हसली.

मेव्हण्याच्या लेथच्या दुकानात दिवसभर बैलबंडीचे आस घासले. हेड फिटर होतो मी. सरकी काढायच्या कोण्या रेच्यात कापूस अडकला ते आवाजावरून ओळखत होतो. इथं काय ऐकू, मेव्हण्याच्या बाता?

अकोला, ६ नोव्हें.

पेशी. फाटकातून काढल्याच्या दाव्याची तारीख होती, बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. अकोला आलं की खिडकीतून जिनचं धुराडं दिसते. दर डाव ठरवतो पाहायचं नाही. पाहतोच.

कोर्टातल्या निंबाखाली बाबूमिया बसून होता. जिनमधल्या गाठी बांधायच्या प्रेसचा जुना मुकादम, माहा एकच साक्षीदार. रुई खाऊन खाऊन छाती गेली त्याची, बोलता बोलता दम लागते. पण त्यानं आपल्या कानानं ऐकलं. माहा पयला दावा चालू होता, 'हंगामी नाही, बारमाही धरा' म्हणून, तवा शेठ सरकीच्या ढिगाजवळ उभं राहून म्हणे, "कोर्टाची पायरी चढला ना थो? आता जिनची चढू देऊ नका." दुसऱ्या दिवशी मले फाटकातून परतवलं. बस, एवढंच आहे सारं. एवढंच जज्जसाहेबासमोर कोणी बोललं पायजे.

जज्ज रजेवर. पुढची तारीख. बा.मि. म्हणे, "कोई बात नहीं, मी कुठी पळून चाललो?" अन् खोकलाच खोकला.

अमरावती, १९ नोव्हें.

सासू आली तिवस्याहून. भाकर खाता खाता म्हणे, "जवाईबापू, चांगल्या नवकरीचा राजीनामा काहून देल्ला बाप्पा?"

ताट सोडून उठलो. बुढीले काय समजावू! सारं गाव हेच बोलते. राजीनामा देल्ला म्यां, हाव. कोर्टातला! दावा मिटला की कोर्टात जो कागद होते त्याले आपल्या इकडे राजीनामाच म्हणतात. दोघंही राजी, म्हणून. शेठ म्हणे बारमाही मानतो, माहे तवाचे वकील म्हणे करा सही. "अन् फाटकातून काढलं त्याचं?" म्यां विचारलं होतं. विचारलं होतं, देवाशपथ. म्हणे, "एका वेळी एकच भांडण, शामराव. बारमाही झालात की ते आपोआप येतं."

आपोआप. पेढे वाटले मी मूर्खानं. धुतलेला सदरा घालून जिनवर गेलो तं फाटकावरचा बाबू म्हणे, "तू काहून आला? तू तं राजीनामा देल्ला." म्हटलं, "अरे थो कोर्टातला!" म्हणे, "राजीनामा म्हंजे राजीनामा." अन् तेच हजेरीत लिवून टाकलं. बाकीचे हसले. मीही हसलो होतो त्यायच्यासंगं. थे हसणं आता आठवलं की अंगावर काटा येते.

अकोला, १५ जाने. १९६२

जिनच्या वकिलानं आज सांगितलं की हा दुसरा दावा चालूच शकत नाही. फाटकातून काढलं तवा पयला दावा उभाच होता. म्हणे, तवाच त्यात का नाही सांगितलं? वरून राजी होऊन मिटवला. म्हणजे संपलं.

जज्जसाहेब म्हणे आधी हा मुद्दा पाहू, साक्षी मंग.

बाहेर आल्यावर नव्या वकीलसाहेबाले विचारलं, म्हटलं मले साध्या बोलीत सांगा. हा माणूस बरा आहे, रागावत नाही. म्हणे, "शामराव, जे तेव्हा मागता येत होतं आणि मागितलं नाही, ते मागितलं होतं आणि कोर्टानं नाकारलं, असं धरतात."

म्हटलं, "पण मी तं बोललोच नाही!"

"म्हणूनच."

गाडीत सारखं तेच फिरून राह्यलं डोक्यात. जे बोललोच नाही, ते बोललो. अन् हारलो. कवा बोललो? कोण बोललं माह्या तोंडानं?

अकोला, २६ मार्च

दावा खारीज. साक्ष नाही, काही नाही.

बा.मि. टोपी धुऊन आला होता, नातवाच्या लग्नातली काळी शेरवानी घालून. पुकारा झाला तसा उठून उभा राह्यला. शिपाई म्हणे, बसा चाचा, तुमचं काम नाही. पायऱ्या उतरताना मले म्हणे, "शामराव, मैं तो बोला ही नहीं." दोनदा म्हणे. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. माह्या नव्हतं, मले तं राग आला होता. जज्जाचा नाही. जज्ज बिचारा हळू आवाजात बोलला, दोनदा माह्याकडे पाह्यलं. राग कोणाचा तेच समजत नाही, हे वाईट.

अमरावती, १० एप्रिल

इंदू म्हणे अपील करा. तिनंच म्हटलं. मले वाटलं ती म्हणीन पुरे झालं आता. म्हणे, "नवकरी नाही भेटली तं नाही भेटली. पण तुमी सोताहून सोडली असं माह्या मायनं म्हणू नये."

वकीलसाहेब म्हणे आशा कमी आहे. म्हटलं कमी आहे ना, नाही तं नाही ना? दाखल करा.

अमरावती, ३ जुलै

बाबूमिया गेला. कार्ड दोन दिवसांनी पोचलं, मातीही भेटली नाही.

दुकानात लेथ चालू होती, थे बंद केली. मेव्हणा म्हणे काहून? सांगितलं. तो म्हणे, "मंग आता अपिलात काय ठेवलं?" माणूस मेला, अन् याले अपील दिसलं. पण खरं सांगू, मलेही पयले तेच दिसलं होतं. मंग बाबूमिया दिसला.

अमरावती, १४ ऑगस्ट

लेथच्या आवाजात खोकला ऐकू येते. दिवसाढवळ्या. पट्टा फिरते, फिरते, अन् मधातच थो खोकला, मंग बोलायच्या आधी बाबूमिया श्वास घेत होता तसा श्वास. आता थो बोलीन म्हणून मी हात थांबवतो. बोलत नाही. दोन आस वाया गेले. मेव्हणा चिडला, चिडू दे.

इंदूले सांगितलं. ती म्हणे, "त्यायची गोष्ट तोंडातच राह्यली ना." बस एवढंच म्हणाली अन् ज्वारी निवडत बसली.

मले भीती वाटत नाही असं नाही.

अकोला, २४ सप्टें.

अपिलाची पेशी. मोठे जज्जसाहेब जिनच्या वकिलाले म्हणे, "राजीनाम्यात फाटकाचा एक शब्दही नाही, मग फाटकातून काढल्याचा वाद त्यात मिटला कसा, हे मला ऐकायचं आहे." थो चपापला. पुढची तारीख दिवाळीनंतर.

निंबाखाली जागा रिकामी होती. तिथं नाही बसलो.

अमरावती, २ नोव्हें.

सकाळीच जिनचा तोच फाटकावरचा बाबू दारात. मले वाटलं भास झाला. आत बोलावलं नाही, ओट्यावर बसवलं. इंदूनं चहा देल्ला, बशी आदळून.

म्हणे, हंगाम लागून राह्यला, बंड्या फाटकापासून पार सडकेपर्यंत, अन् रेचे अर्धे बंद. नव्या फिटरच्या हातून काही होत नाही. शेठनं सोता पाठवलं. "चाल, सोमवारपासून ये. बारमाही, हेड फिटर, सारं पयल्यासारखं."

रेच्यांची अख्खी रांग ऐकू आली.

"फक्त," म्हणे, "अपिलाचं तेवढं मिटवून टाकू. लहानसा राजीनामा. शेठनं कोणाले काढलं नाही, शेठ कोणाले काही बोलला नाही, एवढंच लिवायचं."

म्हटलं, "शेठ बोलला नाही?"

म्हणे, "ऐकणारा कोण राह्यला आता?"

त्यानं आणलेला कागद पाह्यतो म्हणून आत आलो अन् हे लिवून राह्यलो. इंदू दारात उभी आहे, हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तिची चप्पल तुटली आहे, ते दिसते मले. बाहेरून थो विचारते, "मंग शामराव, राजी ना?"

खोकला झाला. ओट्यावरचा बाबू खोकलला का, विचारलं इंदूले. ती म्हणे, नाही जी, कोणीच नाही.

भोंगा झाला. उठलो, जोडे घातले. त्याले अजून काही सांगितलं नाही.