आपोआप सपाट झालेला कोबा

शनिवार, संध्याकाळ

सासूबाईंना बादलीने धुता यावा म्हणून गवंडी रहीमचाचांनी वाळू-सिमेंटचा जुना कोबा मुद्दाम उताराचा केला होता. ह्यांना लकवा झाल्यावर त्याच उतारावर ह्यांचा चाकांचा वॉकर दाराकडे पळायचा.

मागच्या महिन्यात कामगारांनी त्यावर पाइपने नवा पातळ कोबा ओतला. परातीत पाणी स्थिरावतं, तसा आपोआप सपाट झाला. थकलेले चाचा बघायला आले होते. म्हणाले, "बाई, आमी गुडघ्यावर दिवस काढायचो. हे पडल्या पडल्या लेवल धरायलंय."

चाचांचं चुकलं होतं का? नाही. तो उतार बादलीसाठी बरोबरच होता.

आज वॉकर मोकळा सोडून पाहिला. जागचा हलला नाही. मग हे एकटेच स्वयंपाकघरापर्यंत आले. "चहा टाक," म्हणाले, "मी इथंच उभा राहतो."