मोजे कुणी विणले

रहिमतपूर,
१२ डिसेंबर १९७४

प्रिय हवालदारसाहेब,

घरी सगळे खुशाल आहेत हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव वरखाली व्हायला नको. म्हैस व्यायली, रेडी झाली. मळ्यातलं आलं काढून झालं आणि मोकळ्या रानात खतासाठी हरणाबाई धनगरणीची मेंढरं बसवली आहेत. मामंजींचा खोकला कमी आहे, आवाज मात्र होता तेवढाच आहे.

आता मोज्यांचं सांगते. पाय मोडून लष्करी इस्पितळात पडला होतात तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या गढवाली जवानानं तुम्हाला विणकाम शिकवलं, आणि तेव्हापासून रजेवर आलात की दुपारी माजघराची कडी लावून चार सुया घेऊन बसता. मामंजींना कळलं तर ते तोंड बघणार नाहीत, ही तुमची भीती. मलाही ती खरीच वाटायची. ज्यांनी पोराला तालमीत घातलं, रोज तांब्याभर दूध पाजलं, त्यांच्या पोरानं बायकांसारखं लोकर घेऊन बसायचं म्हणजे काय! म्हणून कुणी विचारलं की मी सांगायचे, मीच विणले. दोन वर्षांत अर्ध्या आळीच्या पोरांच्या पायांत तुमचे मोजे गेले आणि नाव माझं झालं. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागायचं. पोस्टमास्तरीणबाईंनी टाच किती सुबक वळवलीय म्हणून कौतुक केलं, तेव्हा मी लाजलेसुद्धा.

दिवाळीनंतर महिला मंडळाच्या धोंडुबाई घरी आल्या. शाळेच्या व्हरांड्यात बायकांसाठी विणकामाचा पंधरा दिवसांचा वर्ग निघणार आणि शिकवणार मी! मी नको नको म्हटलं तर त्यांना वाटलं, उगीच आढेवेढे घेतेय. त्यात ओसरीवरून मामंजीच म्हणाले, "जाईल की. हातात कला हाय तर लपवायची कशाला?" मग हो म्हणावंच लागलं.

हाताशी आठ दिवस होते. म्हटलं, शिकून घेऊ. गोधडीचा टाका मी माहेरी जुन्या गोधड्या उसवूनच शिकले होते. तसाच तुम्ही पेटीत ठेवून गेलेला अर्धा मोजा काढला, सुया ओढून बाजूला ठेवल्या आणि टाका कसा घातलाय ते बघायला धागा जरासा ओढला. तर सरसर सगळाच सुटत गेला. पाच मिनिटांत मांडीवर नुसती कुरळी लोकर उरली आणि कळलं काहीच नाही. तिचा गुंडा करून ठेवलाय. रागावू नका.

वर्गाला अकरा बायका आल्या. पहिला दिवस मी लोकर कशी धुवायची आणि सावलीत का वाळवायची यावर काढला. दुसऱ्या दिवशी सुयांवर टाके घालायची वेळ आली आणि मी एकच टाका तीनदा घालून तीनदा उसवला. हरणाबाई गंमत बघायला आली होती, खांबाला टेकून उभी. थोडा वेळ तिनं पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाय, ह्ये हात लोकरीतलं न्हाईत. मोजं कुनी इणलं?" धोंडुबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी ठरवून काही केलं नाही हो. तोंडातून निघूनच गेलं, "ह्यांनी."

मग जे हसू उसळलं ते विचारू नका. हरणाबाईला मात्र त्यात हसण्यासारखं काय तेच कळेना. म्हणाली, "आमचं गडी मेंढरांमागं चालता चालता लोकर कातत्यात. माजा सासरा तर हातात चाती धरूनच मेला." बायकांचं हसू ओसरलं आणि धोंडुबाईंनीच विचारलं, तुमची रजा कधी आहे, आणि आम्हाला शिकवाल का. वर्ग तूर्त थांबवलाय, तुमच्यासाठी.

पण गोष्ट बाजारात जायला कितीसा वेळ लागतो? कुणीतरी मामंजींना डिवचलं, तुमचा लाला सुया चालवतो म्हणं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, भाकरीसुद्धा मळ्यावर मागवली. मी रडले. तुम्ही विश्वासानं सांगितलेलं मी चारचौघांत बोलून बसले होते, आणि आता रजेवर आल्यावर तुम्ही बापासमोर उभे कसे राहाल, याच घोरात होते. माफीचं पत्र लिहायला परवा कागद काढला, पण पहिली ओळसुद्धा सुचली नाही.

आज लिहितेय ते वेगळ्याच कामासाठी. काल सकाळी मामंजी उसाला पाणी पाजून आले, चिखलाचे पाय धुतले आणि ओसरीवर बसून मला हाक मारली. खाली बघतच म्हणाले, "लाला मला अजून भितोय व्हय गं?" मी म्हटलं, होय. तसा त्यांनी भेगाळलेला पाय माझ्यापुढे केला. "माप घे. गुडघ्यापतोर पायजेत म्हनावं. आन रंग मळखाऊ असू दे." मी दोऱ्यानं मापलं. पहिल्या गाठीपर्यंत पाऊल, दुसरीपर्यंत पोटरी. तो दोरा या पाकिटात घातला आहे. हरवू नका, पुन्हा पाय पुढे करा म्हणायची माझी हिंमत नाही.

तुमचीच,
शालू