गुळाच्या पाकातली कोंबडी

॥ श्री ॥

सेक्टर १०, भिलाई
दि. १२ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. प्रेमलाताईस,
धाकट्या विजूचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. वर्ध्याला थंडी पडली म्हणतेस. इथे ती प्लँटच्या गेटावरच अडवून ठेवली आहे की काय कोण जाणे.

आमचे हे दसऱ्यानंतर जपानहून आले, तीन महिन्यांचं ट्रेनिंग आटपून. लोकांचे नवरे टेपरेकॉर्डर आणतात. आमच्यांनी काळ्या सोया सॉसच्या तीन बाटल्या आणल्या आणि तिथल्या कँटीनमध्ये शिकलेली एक कोंबडी. सॉस, साखर, आलं, लसूण, वीस मिनिटांत तयार, म्हणून कोण कौतुक! मी साखरेऐवजी गूळ टाकते. गोड लागते गं ताई. हे खातात आणि माझ्याकडे असे बघतात, जसं काही मलेच जपान दाखवून राहिले.

पण लिहायला बसली ते वेगळ्याच कारणाने. आमच्या सासऱ्यांना, बाबांना, डोंगरगडहून कायमचं इथे आणायचं, असं यांनी ठरवून टाकलं आहे. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, रिटायर झालेला रेल्वेचा गार्ड एकटा किती दिवस राहणार, हे यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर आहे, म्हणूनच मले तोंड उघडता येत नाही. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, करीची गोष्ट मी विसरली नाही. हे जपानात, म्हणून बाबा सोबतीला आले होते. तुले ठाऊक आहे, त्यांच्या घरी कोंबडी म्हणजे पुरुषांचं काम. आंगणात चूल मांडून बाबाच करणार, बायांनी फक्त मसाला वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले की हात दुखतो, तूच कर. मी सकाळपासून पाट्यावर बसली, बोटांची नुसती आग. त्यांनी रस्सा बोटाने चाखला, ताट सरकवलं आणि म्हणाले की याले रस्सा म्हणत असतील तर मी आपला दूधभात खातो. आणि खरंच खाल्ला! मी मोरीत जाऊन रडली. वर दर आठवड्याला यांना पत्र येते की काल रविवारी कोंबडी केली, तर्री अशी की डोळ्यांतून पाणी. हे ते मलेच वाचून दाखवतात.

असा माणूस जन्मभर माझ्या स्वयंपाकघराच्या दारात बसणार? आणि नाही म्हटलं तर वाईट मीच. काय करू ते लवकर लिही.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नको.
तुझी विजू

॥ श्री ॥

वर्धा
दि. १७ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. विजूस,
ताईचे भरभरून आशीर्वाद.

आधी तुझं पत्र वाचून हसली, मोरीपर्यंत आली तेव्हा हसू गेलं. पण रडतेस कावून? हत्यार तर तुझ्या नवऱ्यानेच परदेशातून आणून दिलं आहे. सासऱ्यांना दोन दिवस बोलव आणि ती गोड कोंबडी वाढ. आंगणातली चूल नाही, बाईच्या हातची, गॅसवरची, आणि वरून गूळ! ना रस्सा, ना तर्री. नम्रपणे सांग की आमच्याकडे आता असंच असते. सावजीचं तिखटजाळ खाऊन वाढलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहिली पॅसेंजर धरेल. भांडण नाही, तंटा नाही, आणि सून ती सोन्यासारखी सूनच.

हे पत्र वाचून फाडून टाक. मी तुझ्या भाऊजींना दाखवलं नाही. त्यांनाही वडील आहेत.

थंडीत खोकला झाला तर ज्येष्ठमध चघळ. जीव जपून राहा, ताईला विसरू नको.
तुझी ताई

॥ श्री ॥

सेक्टर १०, भिलाई
दि. २४ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. प्रेमलाताईस,
विजूचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं औषध दिलं. लागू पडलं की नाही, तूच ठरव.

शनिवारी बाबा आले. हे त्यांना पावर हाउस स्टेशनवरून घेऊन आले आणि येतायेता तिथल्याच बाजारातून कोंबडी आणली. घरी आल्याबरोबर हे आंगणात विटा मांडायला लागले, तर मी गोड आवाजात म्हटलं की बाबांना कशाला त्रास, मी करते गॅसवर. बाबांनी खुर्ची ओढली आणि बसले दारातच. मी म्हटलं होतं ना तुले?

मी हाडं काढून बोटाएवढे तुकडे केले. तेलात आलं-लसूण टाकून लाल होईपर्यंत परतले, सॉस ओतला, आणि त्यावर गुळाचा खडा, यांनी सांगितल्याच्या दुप्पट. मुद्दाम! वर लिंबू पिळलं. आच मोठी ठेवली की ते आटत आटत तुकड्यांना चिकटते आणि चिक्कीसारखं चकाकते. मिरची नावालाही नाही. घड्याळात बावीस मिनिटं झाली. रस्सा कोणत्या भांड्यात आहे, एवढंच बाबांनी विचारलं. मी सांगितलं की यात नसतोच.

पानात वाटी ठेवलीच नाही. बाबांनी एक तुकडा उचलला, चावला आणि थांबले. मग दुसरा उचलला. आणि ताई, तो माणूस मान वर न करता खात सुटला! तीनदा मागून घेतलं. कढईला लागलेला पाक पोळीने पुसून खाल्ला. डोळ्यांत पाणी होतं, आणि तिखट तर कणभर नव्हतं. हे नाचायचेच बाकी होते. लगेच म्हणाले की बाबा, आता इथेच राहा. बाबा म्हणाले, पाहू, आणि रविवारी सकाळच्या पॅसेंजरने गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नाला सात वर्षं झाली, पहिल्यांदा.

मी जिंकली की हरली? तुझी अक्कल अशीच चालत राहिली तर महिन्याभरात सासरे माझ्या घरी मुक्कामाला येतात बघ.

रागावली आहे, तरी तुझीच आहे.
विजू

॥ श्री ॥

डोंगरगड
दि. १ डिसेंबर १९८६

चि. सौ. विजयास,
पंजाबरावाचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या नावाने लिहून राहिलो, शामसुंदरच्या नाही, हे ध्यानात घे. त्याले दाखवू नको.

गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून माझ्या पोटात आग होत होती. डॉक्टरने तपासून अल्सर सांगितला. तिखट बंद, कायमचं. चौतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात, गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये, स्टोव्हवर रस्सा केला. माझ्या हातचं खायले ड्रायव्हर ड्यूटी बदलून घेत. त्या पंजाबरावाने दूधभात खातो म्हणून कोणाले सांगावं? शामले दर सोमवारी लिहितो ती कोंबडी सगळी खोटी. वर्षभर कोंबडीचा तुकडा तोंडात गेला नव्हता.

दुसऱ्याच्या घरी जेवायची पाळी आली की नावं ठेवतो आणि ताट सरकवतो, म्हणजे कोणी काही विचारत नाही. करीच्या दिवशी तुझंही सरकवलं. पोरी, वास असा होता की लाळ गिळत दूधभात खाल्ला. तू मोरीत गेली ते मले कळलं होतं. उठून यायची हिंमत झाली नाही.

आणि तरी तू ओळखलं! कसं ओळखलं? एक शब्द न विचारता सगळ्या घराचं बिनतिखटाचं केलं, म्हाताऱ्याची लाज झाकली. पोटच्या पोरीलेही इतकं सुचलं नसतं. तुले समोर सांगता आलं नाही म्हणून कागद घेतला.

तब्येत सांभाळ. हा म्हातारा तुझा उपकार विसरणार नाही.
पंजाबराव

॥ श्री ॥

सेक्टर १०, भिलाई
दि. ६ डिसेंबर १९८६

तीर्थरूप बाबांस,
विजयाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. उत्तर लिहिलं आणि फाडलंही तीनदा.

मी काही ओळखलं नव्हतं, बाबा. ती कोंबडी मी तुम्ही राहावं म्हणून नाही, जावं म्हणून केली होती. गूळ दुप्पट टाकला तो तुमचं तोंड कडू व्हावं म्हणून. करीच्या दिवसाचा राग मनात धरून बसली होती. तुम्ही हात ठेवला तो चुकीच्या सुनेच्या डोक्यावर. लिहिलं नसतं तर तुम्हाले कधीच कळलं नसतं, मी चांगली सून म्हणून मिरवली असती. पण तुमचं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. लाज वाटते.

आता लिहिते ते मात्र खरं. इथे या. तुमच्यासाठी वेगळं नाही, सगळ्यांचंच बिनतिखटाचं करीन. यांना पाहिजे तर मिरची वरून घेतील. यांना मी काहीही सांगितलेलं नाही.

रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा. पायांवर डोकं ठेवते.
विजया

॥ श्री ॥

डोंगरगड
दि. ११ डिसेंबर १९८६

चि. सौ. विजयास,
आशीर्वाद.

रागावलो. पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं आणि एकटाच खो खो हसलो. मी वर्षभर पोराले खोटं लिहिलं, तू एक दिवस खोटं वाढलं. तुझं निदान खायले चांगलं होतं.

बोलावणं शामनेही केलं होतं, पण लेक बापाले बोलावतोच, त्यात काय. खरं सांगू? इथे करमत नाही. सकाळी चहा करतो तर हात आपोआप दोन कप मांडतो, मग एक उचलून ठेवतो. हे मी कोणालेच लिहिलं नाही.

गुरुवारच्या पॅसेंजरने येतो. एकच विचारायचं आहे, आणि ते शामले विचारून उपयोग नाही, तो हो म्हणेल. घर तू चालवतेस, तूच सांग. दोन दिवसांची पिशवी आणू, की कपड्यांची सगळी पेटी? जे लिहिशील ते मान्य आहे, वाईट वाटून घेणार नाही.

उत्तराची वाट पाहतो.
पंजाबराव

तार

भिलाई, १५ डिसेंबर १९८६
पंजाबराव भोयर, रिटायर्ड गार्ड, डोंगरगड

पेटी आणा.
विजया