सम तारखेला समोरच्या दारात

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकूनच केला आहे असं समज. गेले सात महिने मी रोज सकाळी इतका वाकतो की त्यातला एक तुझ्या नावावर धरायला हरकत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भाचीच्या इमारतीतली लिफ्ट सुरू झाली, की अजून तिसऱ्या मजल्यावरून खाली हातवारे करून भाजी निवडतेस? माझी तब्येत छान आहे. रक्तदाब तर असा शहाण्यासारखा वागतोय की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा मोजला, आणि तरी त्यांचा विश्वास बसला नाही. भूक लागते, झोप लागते. सकाळी घड्याळाच्या आधी जाग येते, पण त्याचं कारण पुढे येईलच.

तुझं पत्र पोचलं. येत्या बारा तारखेला गिऱ्हाईक घेऊन येतेस आणि गाडी घेऊन जातेस, असं लिहिलंस. वर हेही लिहिलंस की, ‘माझ्या गाडीने तुला फार ताप झाला, आता तुझी सुटका करते.’ ताप झाला हे खरं, पण तो किती आणि कसा हे तुला ठाऊक नाही, म्हणून जरा बैजवार लिहितो. जाताना तू किल्ली माझ्या हातात कोंबलीस आणि म्हणालीस, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत तुझी रिक्षा कोपऱ्यावर पोचली होती. (लहानपणी तुझी गणिताची वही माझ्या दप्तरात अशीच आली होती. मार कोणी खाल्ला ते तू विसरली असशील, मी नाही.) मला गाडी चालवता येत नाही. बस आगारात चौतीस वर्षं वेळापत्रकं केली, कुठली बस कुठल्या फलाटावर किती वाजता लागेल ते मिनिटामिनिटाने ठरवलं, पण एकाही बसच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. अशा माणसाच्या गळ्यात तू चार चाकं मारलीस.

आमच्या गल्लीचा नियम तुला माहीत नाही, कारण तू इथे मुक्कामाला आलीस की अंगणातल्या झाडाला टेकवून गाडी ठेवायचीस, आणि ते अंगण आता दवाखान्याने घेतलं. नियम असा : विषम तारखेला गाड्या आमच्या बाजूला, सम तारखेला समोरच्या. सकाळी सात वाजता बाजू बदलायची. म्हणजे तुझी गाडी एक दिवस माझ्या दारात आणि एक दिवस समोरच्या दारात. आणि समोरच्या दारात राहतात मास्तर.

मास्तर म्हणजे शिंपी. तयार कपड्यांपुढे गिऱ्हाईक आटलं तेव्हा अडीच वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं, पण गळ्यातली टेप काही उतरवली नाही. मशीन खिडकीशी आणून ठेवलं आणि त्यामागे बसून ते गल्लीवर नजर ठेवू लागले. कोणाच्या स्कूटरचं हँडल कोणाच्या फाटकात किती आलं, कचऱ्याची गाडी किती बाजूला घ्यायला हवी होती, सगळ्याची मापं त्यांच्याकडे तयार असतात. बोलतात कमी, पण जे बोलतात ते मापात. त्यांच्या सूनबाईने मला सांगितलं होतं की डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला बजावलंय आणि ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. म्हणे, ‘चालायला सांगितलंय, कुठे जायचं ते लिहून दिलेलं नाही.’

पहिले दोन आठवडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला गाडी चालवता येत असल्यामुळे निभावलं. त्या दोन आठवड्यांतही मास्तरांनी मला सुखाने बसू दिलं नाही. पहिल्याच सम तारखेला त्यांच्या दारासमोर रस्त्यावर खडूची रेघ दिसली, कापडावर ओढतात त्या चपट्या खडूची, अगदी सरळ. मागचं चाक रेघेपलीकडे चार बोटं गेलं म्हणून काचेवर चिठ्ठी, तीही टाचणीने वायपरच्या रबराला टोचून. पुढच्या सम तारखेला रेघ एक वीत पुढे सरकलेली. मी म्हटलं, मास्तर, रेघ सरकली. ते म्हणाले, रेघ तिथेच आहे, तुमची गाडी आटली असेल, धुतली होती का. ताई, चौतीस वर्षांत मी दोन बस एका फलाटावर कधी आणल्या नाहीत, आणि हा माणूस मला जागेचा हिशेब शिकवणार! माझा संताप झाला. मीही विषम तारखेला आमच्या बाजूला कुंड्या मांडल्या, त्यांच्या सूनबाईच्या गाडीला जागा मिळू नये म्हणून. (ती बिचारी दात काढायच्या दवाखान्यात कामाला आहे, सकाळी पावणेआठला निघते, तिचा यात काही संबंध नव्हता. मला याची लाज वाटते, पण त्या वेळी वाटली नाही.)

मग एके दिवशी तुझी गाडी खोकली आणि बंद पडली. इस्त्रीवाल्याने हात टेकले आणि तो दुसऱ्या गल्लीतल्या मोठ्या गिऱ्हाइकांमागे लागला. दुसऱ्या दिवशी सम तारीख. वाहतूक पोलीस साडेसातला येतो. मी एकट्यानेच गाडी ढकलायचं ठरवलं. न्यूट्रल म्हणजे काय, हँडब्रेक कुठला, एवढं बसचालकांच्या गप्पांतून कानावर होतं. दारापाशी उभं राहून एका हाताने स्टिअरिंग आणि खांद्याने दाराची चौकट रेटत मी गाडी काढली, आणि ती निघाली, आणि बरोबर मधोमध आडवी थांबली. पुढे जाईना, मागे येईना. तेवढ्यात मास्तर उंबरा ओलांडून बाहेर आले. आता भांडण होणार म्हणून मी कंबर कसली, पण त्यांनी गळ्यातली टेप काढली, आधी पुढची जागा मोजली, मग मागची, आणि मला शांतपणे सांगितलं की या बाजूने दूधगाडी जाणार नाही आणि त्या बाजूने सायकलसुद्धा नाही. मग टेप गळ्यात टाकली, मागे गेले आणि ढकलू लागले. जागेवर लागल्यावर म्हणाले, ‘उद्या पावणेसातला. उशीर चालणार नाही.’ मला, वेळापत्रकवाल्याला!

तेव्हापासून हे रोजचं झालं. एक दिवस तिरपी पुढे, एक दिवस तिरपी मागे. मी दाराशी, मास्तर मागे. ते सूचना देतात, मी ऐकत नाही, आणि गाडी आमच्या दोघांच्या मधलं काहीतरी करते. पहिला महिना आम्ही ढकलण्यापलीकडे एक शब्द बोललो नाही. मग धाप लागते म्हणून गाडीतच दहा मिनिटं बसायला लागलो. मग मी थर्मासमध्ये चहा आणायला लागलो. मग ते म्हणाले की बैठकीचं कापड फाटलंय, त्यावर बसणं म्हणजे माझ्या धंद्याचा अपमान आहे. तेव्हा ताई, तुला आधीच सांगून ठेवतो, तुझ्या गाडीच्या बैठकांवर आता उंची सुटाचं कापड आहे, करड्यावर बारीक पांढरी रेघ. कोणी तरी शिवायला टाकून न्यायला न आलेलं. पुढे-मागे रेघा जुळल्या आहेत हे लक्षात घे, ते सोपं नसतं असं मला तीन वेळा सांगण्यात आलंय. टाके इतके बारीक की दिसत नाहीत, आणि शेवटची गाठ दोनदा फिरवून आत दडवलेली. ही गाठ त्यांच्याशिवाय कोणी मारत नाही, असं मास्तरांचं म्हणणं आहे. मी कशाला वाद घालू, मला बटणसुद्धा लावता येत नाही.

गल्लीला आमची इतकी सवय झाली की लोकांनी तारीख बघणं सोडून दिलं. आम्ही ज्या बाजूला ढकलू, त्या बाजूला सगळे गाड्या लावायचे. यातून गेल्या महिन्याच्या एक तारखेचा घोटाळा झाला, तो तुझ्या कानावर आला नसेल. एकतीसही विषम, एकही विषम. त्या दिवशी गाडी हलवायचीच नव्हती. पण पावणेसातला मी दारात, मास्तर दारात, ढकलली गाडी पलीकडे. सात वाजता सगळी गल्ली आमच्या मागोमाग पलीकडे. साडेसातला पोलीस आला आणि एकही गाडी न सोडता सगळ्यांच्या काचांवर पावत्या चिकटवून गेला. बेकरीवाला, शिकवणीवाल्या बाई, दवाखान्याचा कंपाउंडर, सगळे माझ्या दारात. तुम्ही वेळापत्रकं करायचात ना, असं चारचौघांत विचारलं. तेव्हा मास्तर मध्ये येऊन म्हणाले, ‘तारीख मी सांगितली. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.’ झालं, लोक पांगले. ताई, त्यांनी मला तारीख सांगितली नव्हती. त्यांचा नंबरही वाढलेला नाही. आणि खरं सांगायचं तर गाडी अर्ध्या रस्त्यात असताना मला आठवलं होतं की आज एक तारीख आहे. पण मास्तर मागून त्यांच्या पहिल्या मशीनची गोष्ट सांगत होते आणि ती पुरी व्हायची होती, म्हणून मी बोललो नाही.

आता तू पाठवलेल्या मेकॅनिकचं. तो मंगळवारी दुपारी आला. बॉनेट उघडलं, तर बॅटरीची एक वायर सैल. एवढंच. सात महिन्यांचं दुखणं त्याने अर्ध्या मिनिटात आवळलं आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. मास्तर हात मागे बांधून, चष्मा कपाळावरून खाली घेऊन, आत डोकावत उभे होते. मग घरात गेले. सूनबाईला मात्र आनंद झाला. म्हणाली, काका, आता मीच रोज सकाळी हलवत जाईन, दोन मिनिटांचं काम, या वयात तुमची ढकलाढकली नको. शिवाय तिचं म्हणणं, बाबांना हल्ली भूक चांगली लागते, नवीन गोळी लागू पडलीय, उगाच श्रम करून बिघडायला नको. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बुधवारी सकाळी ती किल्ली घेऊन बसली. गाडी हूं की चूं नाही. मेकॅनिकला फोन गेला, तो म्हणाला अशक्य आहे. अशक्य असो की नसो, तिला कामाला उशीर होत होता, ती गेली आणि आम्ही दोघांनी नेहमीसारखी ढकलली. मास्तर त्या दिवशी जरा जास्तच जोरात ढकलत होते.

तेव्हा अशी ही गाडी. आज सुरू, उद्या बंद, बैठकांना सुटाचं कापड, मागच्या बाजूला दोन हातांचे ठसे पुसता पुसत नाहीत. कोणतं शहाणं गिऱ्हाईक ही घेईल, असं मला वाटत नाही. पण गाडी तुझी, निर्णय तुझा.

भाचीला आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे, आणि जिना उतरताना कठड्याला धर.

तुझा
धाकटा

ता. क. बारा तारीख सम आहे, म्हणजे गाडी मास्तरांच्या दारात असेल. तू ये, चार दिवस राहा. गिऱ्हाईक आणू नकोस. गाडी नेऊ नकोस ताई. मास्तर दोन वर्षं उंबऱ्याच्या आत बसून होते, आणि मी निवृत्त झाल्यापासून माझी कोणी कुठे वाट बघत नव्हतं. आता पावणेसातला कोणी तरी बघतं. मला ते हवं आहे.

ता. क. दुसरा. बुधवारी पहाटे मी पक्कड घेऊन गाडीपाशी गेलो होतो. कशासाठी ते तुझ्यापासून लपवत नाही, तुझ्या हाताचा मार मी आधी खाल्लेला आहे. मेकॅनिकला बोल लावू नकोस, त्याने काम चोख केलं होतं.

ता. क. तिसरा. पण ती वायर मी काढलेली नाही. बॉनेट उघडलं तेव्हा ती आधीच निघालेली होती, आणि चुकून परत टेकू नये म्हणून काळ्या दोऱ्याने मागे बांधलेली होती. गाठ दोनदा फिरवून आत दडवलेली. मी बॉनेट हळूच लावलं, पक्कड घरात ठेवली आणि पावणेसात वाजायची वाट बघत बसलो.