ॲलर्जी नाही

डुलुथ, १४ नोव्हेंबर

प्रिय अर्विड,

सप्रेम नमस्कार. तळ्याचं पाणी गोठायला लागलं असेल. छपराचं काम थंडीआधी उरकलंत का? माझ्या लेकीला, इंग्रिडला, नवे दात आलेत आणि ती दिसेल त्याला चावत सुटली आहे. तुमच्या त्या जंगलात फोन लागत नाही म्हणून कागद घेऊन बसले. अक्षर सांभाळून घ्या.

ऑफिसची बातमी वाईट आहे. आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका रुग्णालयात माणूस गेला. रॉय हॉगन, बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. त्याला पेनिसिलिन चालत नव्हतं, पण आणला तेव्हा तो बेशुद्ध होता. लिओना नावाच्या नर्सने पडद्यावर बघितलं, तिथे 'ॲलर्जी नाही' असं होतं. तिने इंजेक्शन दिलं. आता सगळे म्हणतात, हिनेच नीट वाचलं नाही. तिचा परवाना जाईल.

तपासणी माझ्याकडे आली. त्याची माहिती दुसऱ्या गावच्या दवाखान्यातून एक्सएमएल फाइलमध्ये आली होती, प्रत्येक नोंदीला नावाची खूण लावलेली. उघडली तर समोर स्वच्छ लिहिलेलं: पेनिसिलिन, गंभीर. आपलं सॉफ्टवेअर ती वाचताना कुठे अडत नव्हतं, तरी ॲलर्जी शोधायला सांगितलं की हाती रिकामी यादी. अर्धा दिवस मी नको तिथेच शोधत बसले. मग वरच्या ओळीत नेमस्पेस दिसली, त्या दवाखान्याने यंदाच घातलेली. ॲलर्जीच्या खुणेचं नाव तेच, पण आता तिला आडनाव लागलं. आडनावाशिवाय हाक मारली की यंत्र म्हणतं, असं इथे कुणी राहत नाही. तुम्हीच मला सांगायचात, "पोरी, बोंबलणारी चूक परवडली. गप्प बसणारीला भी."

इथवर कुणाचा गुन्हा नाही. पण यादी रिकामी आली तर 'माहिती मिळाली नाही' असं दिसायला हवं होतं. त्याऐवजी 'ॲलर्जी नाही' छापणारी ओळ कुणीतरी मुद्दाम लिहिली आहे.

टॉडला दाखवली. साहेब झाल्यापासून तो दार लावूनच बोलतो. 'चूक नर्सची' असा तयार अहवाल त्याने सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

"फाइल त्यांची, नर्स त्यांची. आपण कशाला विस्तव पदरात घ्यायचा?"

"माणूस मेलाय, टॉड."

"मग तू सही केली नाहीस तर उठून बसणार आहे का तो? कर आणि घरी जा, बाई."

मी लिओनाकडे गेले. मोजे विणत बसली होती, कुणासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं. "मी दोनदा वाचलं हो," म्हणाली. "आता माझी आईसुद्धा विचारते, नक्की वाचलंस ना गं?" तिने दिलेली कॉफी तशीच ठेवून मी निघाले.

ती ओळ कुणाची, हे तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. त्या वर्षी रुग्णालयवाले रोज ओरडत होते की पडदा 'माहिती मिळाली नाही' अशा लाल इशाऱ्यांनी भरतो, काम करू देत नाही. तुम्ही एका दुपारी ती ओळ लिहून त्यांची कटकट मिटवलीत आणि आम्ही तुम्हाला डोक्यावर घेतलं. मला तुमचा राग येतो, अर्विड. तुमच्याशिवाय मला या कामातलं ओ की ठो कळलं नसतं, म्हणून जास्तच येतो.

टॉडच्या कागदावर मी सही केली नाही. आज सकाळी परवाना मंडळाला सगळं खरं लिहून पाठवलं आणि त्यात तुमचं नाव घातलं. टॉडलाही तसं सांगितलं, आणि दुपारी मला नोकरीवरून काढलं. टॉडने ती ओळ बदलली आहे, आणि तशी ओळ कधी नव्हतीच, असं तो शपथेवर सांगणार आहे. माझ्या एकटीच्या शब्दाला तिथे कोण विचारतं? ज्याने ती लिहिली, त्याने उभं राहून सांगितलं तरच ती बाई वाचेल.

सुनावणी पुढच्या सोमवारी आहे. आलात तर मी तुमच्या शेजारी बसेन. नाही आलात, तरी तुमचं नाव मी मोठ्याने घेणार आहे.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
कारिन